हेमराजनं हात वर केला

अड्याळच्या बाजारात ज्योत्सनाकडून मासोळी घेणारी माणसं भाव करायची, गलफडं उचलून बघायची, ताजी नाही म्हणून नाक मुरडायची. पण तिच्या नवऱ्याबद्दल वाकडा शब्द कधी कोणी काढला नव्हता. उलट हेमराजची बायको म्हणून चार गिऱ्हाइकं जास्तच यायची. त्यामुळे त्या दिवशी एका अनोळखी माणसानं मरळ पिशवीत टाकता टाकता म्हटलं, "आता तुमाले मासोळ्या इकाची काय गरज हाये बाई? नवऱ्यानं तं फायनलच इकली," तेव्हा तिला आधी काही कळलंच नाही. कळलं तोवर तो गर्दीत मिसळला होता. शेजारी बसणारी म्हातारी सीताबाई आपल्या झिंग्यांवर पाणी शिंपडत होती आणि मान वर करत नव्हती.

त्या खाली घातलेल्या मानेचाच ज्योत्सनाला जास्त धक्का बसला. म्हणजे सीताबाईच्या कानावर हे आधीच आलं होतं. बाजारभर झालं होतं. आपल्यालाच तेवढं माहीत नव्हतं.

हेमराज तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, ढिवर मोहल्ल्यातला. मच्छीमार सोसायटीत त्याचा वाटा होता. पहाटे डोंगा घेऊन निघायचा, जाळी उचलायचा, उन्हं वर यायच्या आत मासोळी ज्योत्सनाच्या टोपल्यात पडायची. एवढ्यावर त्याचं नाव तालुक्याला कळायचं कारण नव्हतं. ते कळलं कबड्डीमुळे. दिवाळी झाली की इकडे झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, दुपारी कबड्डी, रात्री नाटक. हेमराज पोट्टा होता तेव्हापासून कुठल्याही मंडईत 'हेमराज चढाईले गेला' असं कर्ण्यावर ऐकू आलं, की लोक हातातला चहा टाकून मैदानाकडे पळायचे. चाळिशी जवळ आली तरी पळायचे. त्याची चढाई उड्या मारणारी नव्हती. तो सावकाश आत शिरायचा, चिखलात पाय टाकल्यासारखा, आणि समोरच्यानं झेप घेतली की नेमका तिथे नसायचा.

ज्योत्सनाला यातलं फार कळायचं नाही. तिच्या वाट्याला खरचटलेले गुडघे आणि मातीनं लाल झालेल्या चड्ड्या यायच्या. लोक म्हणायचे, तुझा नवरा मोठा खेळाडू. ती म्हणायची, हव बाप्पा, मोठा. आणि चड्डी दगडावर आपटायची.

यंदाच्या मंडईत अड्याळला फायनल झाली ती बपेऱ्याच्या टीमबरोबर. बपेरा तिकडे वर, तुमसरच्याही पलीकडे, मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकलेलं गाव. तिथली पोरं उंच, हाडाची मजबूत. शेवटची चढाई उरली तेव्हा बपेरा एका गुणानं पुढे होतं. बायकांच्या बाजूला बसलेल्या ज्योत्सनानं सगळं पाहिलं होतं. हेमराज आत गेला, कोपऱ्यातल्या दोघांना हात लावला, त्यातल्या एकानं त्याचा घोटा धरला, त्याला तसाच ओढत तो मधली रेषा ओलांडून आला आणि तोंडावर पडला. पंचानं दोन बोटं वर केली. ढोल सुरू झाला, फटाक्यांची लड लागली, पोट्टे मैदानात धावले.

आणि हेमराजनं हात वर केला.

गुडघ्यावर बसला होता, मान खाली, एक हात वर. पंच वाकून काहीतरी विचारायला लागला. हेमराजनं मान हलवली, स्वतःच्या छातीकडे बोट केलं आणि मग बाहेरच्या दिशेनं. मी बाद. तोंडातून शब्द नाही. पंचानं एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा हेमराजकडे, आणि दिलेले गुण परत घेतले. बपेरा जिंकलं.

"पाय लागला का बे बाजूच्या रेषेले?" टीमचा कप्तान जागेश्वर ओरडत आला होता. हेमराजनं मान डोलावली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि कोणाशी न बोलता घरचा रस्ता धरला.

बाजारात तो टोमणा ऐकला त्याच संध्याकाळी जागेश्वर घरी आला. त्याचं खताबियाण्याचं दुकान होतं. हेमराजबरोबर लहानपणापासून खेळलेला. एरवी आला की थेट चुलीपर्यंत यायचा, आज अंगणातच उभा राहिला. ज्योत्सनानं पाणी दिलं, त्यानं लोटा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"हेमराज, मी बाद होऊन रेषेपाशीच बसलो होतो. तुहा पाय हातभर आत होता."

"तुले तसं दिसलं असन."

"मले एकट्याले नाही. त्या बाजूनं जेवढे बसले होते तेवढ्यायले इचार."

"मंग मी बाद नसतो तं बाद काहून म्हणलो असतो?"

"तेच तं इचारून राहिलो," जागेश्वर म्हणाला.

हेमराज जाळ्याची गाठ बघत बसला. जागेश्वरनं वाट पाहिली, मग लोटा कट्ट्यावर ठेवला. त्यातलं पाणी तसंच होतं. फाटकाजवळ तो ज्योत्सनाला हळूच म्हणाला, "वहिनी, मी नाही म्हणत त्यानं काही खाल्लं. पण गाव म्हणते. अन् मले उत्तर नाही सुचत."

 एकदा शंका आली की मागच्या कितीतरी गोष्टी आठवतात, तसं ज्योत्सनाचं झालं. फायनलच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाळीवर एक मोटरसायकल थांबली होती. त्यावरचा उंच पोरगा हेमराजशी बराच वेळ बोलत होता, खालच्या आवाजात, आणि जाताना त्यानं हेमराजचा हात दोन्ही हातांत धरला होता. ती कपडे घेऊन वर आली तेव्हा हेमराज म्हणाला, "धानाचा व्यापारी होता. रस्ता चुकला." पण त्या व्यापाऱ्याच्या भुवईवर पट्टी होती. तशीच पट्टी तिनं आदल्या दिवशी मैदानात पाहिली होती, हेमराजचा घोटा धरणाऱ्या बपेऱ्याच्या पोराच्या भुवईवर.

दिवाळीपासून तो घरात झोपत नव्हता. सोसायटीची जाळी चोरीला जातात म्हणून राखणीला जातो म्हणायचा आणि पांघरूण घेऊन पाळीवरच्या टिनाच्या खोलीत जायचा. जाळी कोणाची चोरीला गेली, हे मात्र तिनं कुठे ऐकलं नव्हतं. जाळं बुडातल्या खुंटात अडकलं की डुबी मारून सोडवायचं काम आजवर त्याचंच होतं, आता तो डोंग्यात बसून दुसऱ्याला उतरवायचा. पैसा आला की माणसाला पाणी थंड लागतं, असं मोहल्ल्यात कोणीतरी बोललंही होतं. तेव्हा ती हसली होती.

मग रक्षाचा फोन आला. रक्षा त्यांची मुलगी, भंडाऱ्याला होस्टेलवर राहून कॉलेज करत होती. हेमराज मधूनमधून तिला भेटायला म्हणून भंडाऱ्याला जायचा. परवाच गेला होता. ज्योत्सना सहज म्हणाली, "बाबानं देल्लं लोणचं पुरलं का वो?"

"कोनतं लोणचं? बाबा कधी आले?" रक्षा म्हणाली. "आई, बाबा तं दिवाळीपासून आलेच नाही."

ज्योत्सनानं फोन ठेवला. लोणच्याची बरणी तिला दुसऱ्या दिवशी टिनाच्या खोलीत, जाळ्यांच्या ढिगामागे सापडली, झाकणही न उघडलेली. ती तिनं तिथेच ठेवली. सापडली हेही सांगितलं नाही. आता तीही लपवायला लागली होती.

हेमराज आंघोळीला गेला असताना तिनं त्याचा फोन पाहिला. एक नंबर 'बपेरा' या नावानं साठवलेला होता. नाव नाही, आडनाव नाही, नुसतं गाव. बाजाराच्या दिवशी सीताबाईच्या फोनवरून तिनं तो लावला.

"कोन बोलते?"

"मी हेमराजची बायको. अड्याळहून."

 पलीकडून घाईनं, "हो वहिनी, मी भूपेंद्र. भाऊ बरे हायेत नं?"

आपल्याकडून हरलेल्या माणसाची एवढी काळजी कशाला, असं तिच्या मनात आलं. "बरे नसाले काय झालं? तुमी आमच्याकडे कायले आल्ते, ते सांगा."

"भाऊनं नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं फोन कायले केला असता?"

भूपेंद्रनं एक श्वास सोडला. "वहिनी, खोटं नाही बोलत. पाय नाही लागला रेषेले. घोटा माह्या हातात होता, मले माहीत हाये पाय कुठी होता ते. पण बाकीचं मले इचारू नका. मी भाऊले शब्द देला हाये. त्यायलेच इचारा."

सीताबाईनं फोन परत घेतला आणि काही विचारलं नाही. त्या दिवशी ज्योत्सनाचा भाव करण्यात जीव नव्हता. पाय लागला नाही. म्हणजे जागेश्वर खरा, गाव खरं, बाजारातला तो अनोळखी माणूस खरा. आणि या दोघांत कसला तरी शब्द दिला-घेतला गेला होता. वीस वर्षं ज्याच्या चड्ड्या धुतल्या तो माणूस कसा आहे हे आपल्याला बपेऱ्याच्या परक्या पोराला विचारावं लागतं, या विचारानं तिला रडूही येईना.

पुढच्या आठवड्यात हेमराजनं पुन्हा धुतलेला शर्ट घातला. "रक्षाले भेटून येतो."

"या," ती म्हणाली. तो एसटीत चढला, खिडकीशी बसला, आणि गाडी सुटायला आली तशी ज्योत्सना मागच्या दारानं चढून त्याच्या शेजारी येऊन बसली. नवं लुगडं, हातात डबा.

"तू?"

"पोरीले मीबी भेटतो. लय दिवस झाले."

हेमराजनं बाहेर पाहिलं. कापणी झालेल्या बांध्यांमधून गाडी चालली होती, जागोजागी धानाचे भारे रचलेले.  त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तिनं डब्याची कडी पकडून ठेवली होती. आज काहीही निघो, ती घरी काही न कळता परत जाणार नव्हती.

भंडाऱ्याला उतरल्यावर होस्टेल डावीकडे होतं. हेमराज उजवीकडे वळला. ती मागोमाग गेली. दोन गल्ल्या ओलांडून तो एका दवाखान्याच्या व्हरांड्यात शिरला आणि बाकावर बसला. आजूबाजूला माणसं खोकत होती. एका म्हाताऱ्याच्या छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता. भिंतीवर फुप्फुसांचं मोठं चित्र.

"बस," हेमराज म्हणाला.

ती बसली नाही. "कोनाले काय झालं?"

"मले. दमा हाये म्हणते डॉक्टर. धान झोडाच्या दिवसात जास्त होते. थंड पाण्यात उतरू नको म्हणते." त्यानं शर्टाच्या खिशातून निळा पंप काढून दाखवला आणि लगेच आत ठेवला, जणू कोणी बघेल. "रातचं वाजते छातीत. तुले आयकू येऊ नये म्हणून पाळीवर झोपत होतो."

ज्योत्सना आता बसली. "अन् फायनल?"

"दम तुटला." तो समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होता. "रेषा अजून दूर होती. त्यानं घोटा धरला अन् मी ओढून राहिलो होतो, तेवढ्यात कबड्डी म्हणता म्हणता आवाजच बंद झाला. श्वास आत गेला. दम गेला का मंग बाद. पंचाले नाही कळलं. ढोल वाजून राहिला होता, कर्णा सुरू होता. भूपेंद्रलेबी नाही कळलं. त्याले कळली छातीतली शीळ. त्याच्या बापाचं असंच होतं म्हणे. म्हणून दुसऱ्या दिवशी आला अन् ह्या डॉक्टरचा पत्ता देल्ला. मीच म्हणलो, कोनाले सांगू नको."

"म्हणजे कोनालेच आयकू नाही आलं."

"नाही."

"मंग हात काहून वर केला?"

हेमराजला तो प्रश्न समजलाच नाही, असं त्याचं तोंड झालं. "मले तं आयकू आलं नं," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढे दिवस छातीवर ठेवलेलं ओझं उतरायला हवं होतं, आणि त्या जागी राग वर आला, असा की व्हरांड्यातली खोकणारी माणसं वळून बघायला लागली.

"त्या बपेऱ्याच्या पोट्ट्यायसमोर खरे झाले. पंचासमोर खरे झाले. अन् माह्यासमोर? जाळी चोरीले जाते म्हणे! रक्षाले भेटतो म्हणे! बाजारात लोकं मले काय काय बोलले, माहीत हाये? मले वाटलं तुमी इकली फायनल. मले वाटलं, समजलं? तुमच्या बायकोले!"

 गावानं संशय घेतला तो हेमराजनं झेलला होता. हा त्याला लागला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो म्हणाला, "सोसायटीत कळलं तं डोंग्यावरून उतरवतीन. टीममध्ये कोनी घेणार नाही. कबड्डी सोडावी लागन हे मले माहीत होतं. पण एवढ्यात नाही, असं वाटे." आतून त्याचं नाव पुकारलं गेलं. ती त्याच्याबरोबर आत गेली आणि डॉक्टरला तिनं इतके प्रश्न विचारले की बाहेरची रांग अडली. मग दोघं रक्षाकडे गेली, डबा दिला, आणि तिलाही सगळं सांगितलं.

सांगायचं नाही, असं हेमराजचं म्हणणं होतं. दम्याचं सांगितलं तर लोक म्हणतील, बिमार होता म्हणून हरला. आणि ते त्याला नको होतं. पण ज्योत्सनाला राहवेना. ती खताच्या दुकानात गेली आणि जागेश्वरला सगळं सांगितलं, निळा पंपसुद्धा. जागेश्वरनं ऐकून घेतलं. तराजूतला दाणा झटकत म्हणाला, "वहिनी, दमा असन. मी नाही म्हणत नाही. पण दमा हाये म्हणून फायनल इकली नाही, असं कसं म्हणाचं? आधी म्हणे पाय लागला. आता म्हणे दम तुटला. उद्या काय?"

 पायाचं खोटं हेमराजच बोलला होता, आणि त्या एका खोट्यानं खऱ्याचीही पत घालवली होती. तिला जागेश्वरचा राग आला, पण आठवडाभरापूर्वी तीही तिथेच उभी होती हे ती विसरू शकत नव्हती.

दम्याचं कळल्यावरही सोसायटीनं हेमराजला डोंग्यावरून उतरवलं नाही, कारण ज्योत्सनाच डोंग्यात जाऊन बसली. सकाळी ऊन पडल्यावर दोघं निघायची, पाण्यात उतरायचं काम असेल तर ती पदर खोचून उतरायची. बायामाणसं पाळीवरून बघायची. पहिल्या दिवशी जाळ्यात तिचाच पाय अडकला आणि हेमराज इतका हसला की त्याला पंप घ्यावा लागला.

पुढच्या वर्षी मंडईला टीम निवडली तेव्हा हेमराजला कोणी विचारलं नाही. तोही गेला नाही. त्याच सुमारास बपेऱ्याहून भूपेंद्रचा फोन आला. त्यांच्या मंडईत कबड्डी होती आणि पंच म्हणून हेमराजला बोलावणं होतं. "भाऊ, आमच्या गावात पंचावरून दरसाल डोकी फुटते. तुमी या." हेमराजनं एकच अट घातली, चढाई सुरू असताना कर्णा आणि ढोल बंद पाहिजे.

ही बातमी अड्याळच्या बाजारात पोचली, तेव्हा लोकांना हवा होता तो पुरावा मिळाला. बपेरावाले बोलवून राहिले, भाडं देऊन! आता आणखी काय पाहिजे? हेमराज म्हणाला, "नाही जात." ज्योत्सना म्हणाली, "जाचं. मीबी येतो. नाही गेले तं काय म्हणणं बंद करतीन?" सीताबाईनं तिच्या टोपल्याकडे बघायचं कबूल केलं आणि दोघं दोन बस बदलून बपेऱ्याला गेली.

मैदान गच्च भरलं होतं. ज्योत्सना तिथल्या बायकांत जाऊन बसली. तिला कोणी ओळखत नव्हतं. ढोल बंद असल्यानं चढाई करणाऱ्याचा आवाज तिथपर्यंत येत होता. इतक्या वर्षांत कबड्डीचा तो आवाज तिनं असा सलग कधी ऐकला नव्हता. शेवटच्या सामन्यात बपेऱ्याची टीम बरोबरीत होती. भूपेंद्र चढाईला गेला, एकाला हात लावून परत फिरला, रेषेवर पाय ठेवला आणि बपेऱ्यात एकच आरडाओरडा झाला. हेमराजची शिट्टी वाजली. त्यानं भूपेंद्रकडे हात केला. दम तुटला. बाद.

भूपेंद्र जागेवरच उभा राहिला. त्याचं तोंड लाल झालं होतं. एक क्षण वाटलं की तो अंगावर जाईल, त्यानं "नाही तुटला, भाऊ!" असं ओरडून सांगितलंही. हेमराजनं हात खाली घेतला नाही. भूपेंद्र कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिला, मग मान झटकून बाहेर जाऊन बसला. त्याला खरंच पटलं की त्यानं नुसता हेमराजचा मान ठेवला, हे ज्योत्सनाला इतक्या दूरवरून ओळखता आलं नाही.

गर्दी मात्र उसळली. "कोनाचा हाये बे हा पंच?" "अड्याळचा हाये म्हणते. मागच्या सालचा बदला काढून राहिला!" "अरे, खाल्ले असतीन!" मातीची ढेकळं मैदानात पडली. हेमराज शिट्टी तोंडात धरून उभा होता. छातीवर एक हात होता, पण तो जागेवरून सरकला नाही.

ज्योत्सनाच्या बाजूची बाई तिच्याकडे वळली. "पाहा न बाई, आपल्याच गावात येऊन आपल्यालेच बुडवते. पैसे खाल्ल्याबिगर कोनी असं करते का? तुमी कोनत्या गावच्या जी?"

"अड्याळकडची. तो पंच माहाच नवरा हाये."

त्या बाईचा चेहरा पडला. ती पदर सावरत मागे सरकायला लागली. ज्योत्सनानं तिच्या हातावर हात ठेवला.

"बसा वो," ती म्हणाली. "मले बी तसंच वाटलं होतं."